डॉक्टरांना पाय लागू नये म्हणून

या, अशा जवळ या. उंबऱ्यावर काय बसता परक्यासारखं? आणि तो मोबाईल आधी खाली ठेवा. पायाला मुंग्या आल्या की डॉक्टरच्या आधी मोबाईलला विचारायचं, तो सांगेल ते दुखणं पाठ करायचं आणि मग डॉक्टरसमोर घडाघडा म्हणून दाखवायचं, ही तुमची नवी खोड आहे ना, तिच्यावरून मला तुम्हाला जरा रागवायचं आहे. रागवायचा हक्क आहे मला. हाच गुन्हा मी तुमच्या आधी केलेला आहे. तोही चार वर्षं, पगार घेऊन.

मी दवाखान्यातली मावशी. डॉक्टर तपासतो, सिस्टर सुई देते आणि उरलेलं सगळं मावशी करते. नंबर पुकारायचा, स्टूल सरकवायचं, पडदा ओढायचा, कोण्या बुढ्याने सदरा उलटा घातला तर सुलटा करून द्यायचा. शिक्षण सातवी. पुढचं सगळं दारात उभं राहून शिकले. वाशिमच्या त्या खासगी दवाखान्यात दर दुसऱ्या गुरुवारी मेंदूचे डॉक्टर यायचे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. शिकले पुण्यात, बोलणं असं शुद्ध की आमच्या माणसांना वाटायचं, रेडिओ लागला.

मेंदूच्या डॉक्टरचं काम मोठं गमतीचं असतं बरं का. हाड मोडलं तर फोटोत दिसतं. मेंदूवाला डॉक्टर आधी तासभर विचारतो आणि मग खेळ खेळतो. खेळच म्हणायचे ते. नाकाला बोट लावा, आता माझ्या बोटाला लावा. फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चाला. पाय जुळवून डोळे मिटून उभे राहा. कापूस लागला का सांगा. मग गुडघ्याखाली रबरी हातोडी टकदिशी मारतात आणि पाय आपसूक उडतो. किती उडतो, दोन्ही सारखे उडतात का, यावरून साहेबांना कळतं की डोक्यापासून पायापर्यंत जी तार गेली तिच्यात बिघाड कुठे आहे. शेवटी तळपायावर चावीच्या टोकाने ओरखडा काढतात. धडधाकट माणसाचा अंगठा खाली वळतो. तार बिघडली असेल तर वर उठतो.

या खेळात माणूस नापास झाला तर दुखणं सापडतं. परीक्षा असते ती नापास होण्यासाठीच. एवढी साधी गोष्ट मला चार वर्षं कळली नाही.

सगळं सुरू झालं मंगरूळपीरकडच्या एका बुढ्यामुळे. साहेब त्याच्या समोर स्टुलावर बसले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि बुढ्याचा पाय उडून थेट साहेबांच्या मांडीला लागला. साहेब खूश झाले, कारण पाय उडायलाच हवा होता. बुढा मात्र पांढराफटक पडला.

"अरे बापा! डॉक्टरले लात मारली म्या!"

त्याने कान धरले. मग वाकून साहेबांचे पाय धरले. ते सोडेना. साहेब म्हणतात, "आजोबा, उठा, तो दुसरा गुडघा द्या बघू." बुढा म्हणाला, "नाई साहेब, एक पाप झालं तेवढं बस. दुसरं नोको." दुसरा गुडघा त्याने दिलाच नाही. पुढच्या गुरुवारी पुतण्याच्या हाती नारळ पाठवला. प्रायश्चित्त म्हणून.

मला फार वाईट वाटलं हो. रस्त्यात कोणाला चुकून आपला पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावतो, आणि इथे डॉक्टरलाच लाथ! तेव्हा मी ठरवलं, आत जायच्या आधी पेशंटला जरा तयार करायचं. व्हरांड्यातल्या बाकड्यावर माझी शिकवणी सुरू झाली. "हातोडी आली की दात-ओठ आवळून पाय दाबून धरा. तळव्याले गुदगुल्या झाल्या की बोटं आवळून घ्या. साहेबाले पाय लागू देऊ नोका."

एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण हाडाची शिक्षिका कधी थांबते का? मग मी रेघेवर चालणंही शिकवायला लागले. दर दुसऱ्या गुरुवारी व्हरांड्यात दहा-बारा माणसं एकामागे एक टाचेला अंगठा लावत चालायची. समोरचा चहावाला दुकान सोडून बघायला यायचा. डोळे तपासायचा तक्ता बाकड्यासमोरच टांगलेला होता. दोन तास त्याच्यासमोर बसून माणसं काय करतील? पाठ करून टाकायची. साहेब डोळे तपासायला बाहेर आले, तर एका आजीने सगळा तक्ता वरून खालपर्यंत बिनचूक म्हटला. तोंड तिचं खिडकीकडे होतं. आणखी एकाला साहेबांनी डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, तर त्याने हात जोडून आरती सुरू केली, आणि साहेबही बिचारे संपेपर्यंत थांबले. ते मात्र मी शिकवलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं.

कापसाची युक्तीही माझीच. डोळे मिटवून साहेब विचारतात, लागला का? माणसं गोंधळतात. मी सांगून ठेवायची, "दर दोन श्वासांनी हो म्हना. चुकनार नाई."

एक गोष्ट मात्र मी साहेबांना खरोखर चांगली दिली. ते विचारायचे, "हे कधीपासून?" आमची माणसं तारीख सांगत नाहीत. "उडीद-मूग तोडत होतो तवापासून." "पोहरादेवीच्या जत्रेच्या आंदी." "रिसोडच्या बाजारात सोयाबीन नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी." साहेब पेन उचलून माझ्याकडे बघायचे आणि मी लगेच महिना सांगायची. याचा मला अजूनही गर्व आहे.

तर रूपाली. रिसोडकडच्या खेड्यातली, तिशीच्या आतली सून. गावात ब्लाउज शिवायची. हात असा की लग्नसराईत तिच्या दारात बायका भांडायच्या. आश्विनात ती सासूबरोबर जीपने आली. सासूचं नाव गोदाबाई. खणखणीत बाई, आवाज आधी यायचा आणि मागून ती. तपासणीला आलेली रूपाली, पण दुखणं सगळं गोदाबाईंनीच सांगितलं. आमच्याकडे तशीच रीत. पेशंटने फक्त बसायचं.

"पोळा झाला तवापासून हिचं सुरू हाय, मावशी. कंबरेखाली मुंग्या येऊन राह्यल्या म्हनते. मशीनच्या पायट्यावर पाय हाय का नाई, कळत नाई म्हनते. आन सगळ्यात मोठं नाटक ऐका. मान खाली घातली का पाठीतून करंट जाते म्हनते!"

"जाते न मावशी," रूपाली हळूच म्हणाली. "मानेपासून पार पायापर्यंत."

करंट म्हटल्यावर गोदाबाईंनी काय केलं असेल? गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने शिलाई मशीनची मोटर तपासली, भिंत तपासली, आणि शेवटी टेस्टर रूपालीच्या कोपराला लावून पाहिला. दिवा लागला नाही. "वहिनीत करंट नाई," असं सांगून चहा पिऊन तो गेला.

"आता वायरमननं सांगतलं, मंग हे नाटकं नाई त काय?" गोदाबाई म्हणाल्या. "आज साहेबानंही नाई म्हनलं, त इथूनच हिले माहेरी सोडून देते. नाटकं सरली का ये म्हना."

रूपाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिची दया आली. आणि दया आली की मी काय करते, ते तुम्हाला आता माहीत आहे.

माझ्या चार वर्षांतली ती सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. एकदा सांगितलं की उतरलं. रेघेवर चालताना डुलत होती, तर मी सांगितलं, नजर समोरच्या खिळ्यावर ठेव. ठेवली आणि चालली. पाय आवळून धरला तर असा, जसा काही सिमेंटचा खांब.

ती आत गेली आणि मी दारात उभी. माझा ऊर भरून आला होता, खरं सांगते. रेघेवर पास. नाक-बोट पास. हातोडीला पाय हललाच नाही. साहेब म्हणाले, "ढिला सोडा." तिने आणखी आवळला. तळव्याला चावी लागताच बोटंही आवळली. मग कापूस आला. डोळे मिटून रूपाली दर दोन श्वासांनी म्हणते आहे, हो. हो. हो.

साहेब थांबले. "रूपाली, शेवटच्या तीन वेळा मी कापूस लावलाच नाही."

मी दाराआड सरकले.

साहेबांनी कागद पुढे ओढला आणि गोदाबाईंना समजावून सांगितलं, की तपासणीत ठोस काही हाती लागत नाही, उत्तरंही जुळत नाहीत. कधीकधी मनावरच्या ताणानेसुद्धा असं होतं. ते खोटं नसतं, त्यालाही उपचार असतात. काही रक्ताच्या तपासण्या करू, महिन्याने पुन्हा या. साहेब नीट बोलले हो. पण गोदाबाईंना ऐकू आलं ते निम्मंच.

"पाह्य! साहेबही म्हनते, मनाचं हाय! चाल. जीपवाला थांबून हाय."

रूपाली व्हरांड्यातून माझ्यासमोरून गेली. पायरीवर आश्विनाचं ऊन पडलेलं, फरशी अशी तापलेली की कुत्रं बसणार नाही. त्या पायरीवर ती आरामात उभी राहिली. आणि मी पाहिलं, तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. चप्पल साहेबांच्या दाराशी पडली होती. वीस पावलं ती अनवाणी चालली, तापल्या दगडावर उभी राहिली, आणि बाईला पत्ताच नाही!

हे काही मी शिकवलं नव्हतं.

चप्पल हातात घेऊन मी आधी जीपवाल्यावर ओरडले, "गाडी हलवू नोको!" आणि तशीच साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, रूपालीले परत बोलवा."

"का? काय झालं?"

"तिचा पेपर फुटला होता."

"कुणी फोडला?"

"म्या."

मग मी सगळं ओकून टाकलं. पाय दाबणं, बोटं आवळणं, खिळ्यावरची नजर, दोन श्वास. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती दिवसांपासून चाललंय हे?"

"चार वर्षं झाली, साहेब."

"म्हणजे चार वर्षं मी वाशिमच्या लोकांना तपासत नव्हतो. तुम्हाला तपासत होतो!"

"मले काढून टाका साहेब, पन पयले तिले पाहा. चप्पल गळाली आन तिले कळलं नाई."

शेवटचं वाक्य ऐकून साहेब उठलेच.

रूपालीला पुन्हा कॉटवर बसवलं. साहेब म्हणाले, "आता सगळं विसरायचं. चुकलं तर चुकू द्या. पाय उडाला तर उडू द्या."

"साहेब, तुमाले कसा पाय मारू?" तिच्या डोळ्यांत पाणी. साहेबांनी तिला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं. ती ओढाताण सुरू झाली की ध्यान पायावर राहत नाही. पण ती बोटंही ओढते आणि पायही आवळते. शेवटी गोदाबाईच कडाडल्या.

"अवं मार न व! साहेब म्हनते त मार! घरी मले उलटून बोलतं तवा नाई लाज वाटत?"

रूपालीला हसू फुटलं, आणि तेवढ्यात साहेबांनी हातोडी मारली. पाय असा उडाला की साहेबांच्या गुडघ्याला लागला आणि कापसाचा डबा खिडकीपर्यंत घरंगळत गेला. "वा!" साहेब म्हणाले. लाथ खाऊन एवढा आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पाय नुसता उडाला नव्हता, गरजेपेक्षा जास्त उडाला होता. मग तळव्यावर चावी फिरली. अंगठा हळूच वर उठला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली. कापूस लावला तर पोटापर्यंत तिला कळेचना.

मग साहेबांनी पेनाचं लाल टोपण तिच्यासमोर धरलं. एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजव्या डोळ्याने लाल. डाव्याने?

"हेही लालच हाय साहेब, पन... धुतलेलं. इटकरी."

"डावा डोळा कधी दुखला होता? अंधूक झालं होतं?"

"नाई साहेब."

"नाई काय नाई?" गोदाबाई उसळल्या. "त्या ब्लाउजच्या टायमाले नाई दुखला काय?"

ब्लाउजची कथा अशी. गावच्या सरपंचबाईंनी घरच्या लग्नासाठी लालभडक ब्लाउज शिवायला टाकला होता. रूपालीने तो शिवला विटकरी दोऱ्याने. टाके असे दिसायचे की गल्लीच्या टोकावरून मोजावे. सरपंचबाईंनी गाव डोक्यावर घेतलं. शेवटी चारचौघांत गोदाबाईंनी हात जोडून माफी मागितली. त्या दिवसांत रूपालीचा डोळा फिरवला की दुखत होता, समोर जाळं दिसायचं. मशीनवर बसून बसून होतं, असं समजून तिने कोणाला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी आपोआप निवळलं.

साहेब पेन घेऊन पुढे सरकले. "हे केव्हाचं?"

"तूर फुलावर होती," गोदाबाई.

साहेबांनी मान वर केली. मी गुन्हेगार, खालमानेनेच बोलले, "मार्गशीर्षाच्या आसपास, साहेब. दहा महिने झाले."

आता हे दुखणं काय, ते माझ्या भाषेत सांगते. विहिरीतल्या मोटारीची केबल असते ना, आत तांबं आणि वरून रबर? आपल्या नसांवरही तसं आवरण असतं. शरीरातली जी फौज रोगजंतूंशी लढायची, तीच चुकून या आवरणाला कुरतडते. कुठे डोळ्याच्या नसेवर, कुठे पाठीच्या कण्यात. जिथे आवरण गेलं तिथे करंट अडखळतो. याला म्हणतात मल्टिपल स्क्लेरोसिस, दवाखान्यात नुसतं एम.एस. रक्ताचा थेंब घेतला आणि लगेच हो-नाही कळलं, अशी याची एक तपासणीच नाही. म्हणून डॉक्टर दोन गोष्टी शोधतात. वेगवेगळ्या जागा आणि वेगवेगळ्या वेळा. आज पाय गेले, एवढ्यावरून पुष्कळ दुखणी निघतील. पण आधी डोळा आणि आठ-नऊ महिन्यांनी कणा म्हटल्यावर साहेबांचे कान टवकारले. ज्या भांडणाचं गोदाबाई उठता-बसता गाऱ्हाणं करायच्या, तेच रूपालीच्या कामी आलं.

पुढच्या तपासण्या अकोल्याला झाल्या. एमआरआयच्या नळीत जायच्या आधी अंगावरचं सगळं लोखंड काढावं लागतं. रूपाली शिवणकाम करणारी, तिच्या पदरातून, चोळीतून, परकराच्या काठातून पिना निघतच राहिल्या. गोदाबाईंनी त्या सगळ्या स्वतःच्या पदराला टोचून घेतल्या आणि बाहेर साळिंदरासारख्या बसल्या. मग कण्यातून पाणी काढून तपासलं. रक्तही गेलं, व्हिटॅमिनची कमतरता, क्षय आणि याच्यासारखीच दिसणारी दुसरी दुखणी एकेक करून खोडायला. एक तपासणी टीव्हीसमोर बसवून. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होत राहतात आणि डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते यंत्र टिपतं. गोदाबाई अर्धा तास मागे उभ्या राहून बघत होत्या. शेवटी विचारलं, "याच्यात सिरीयल लागत नाई काय?"

इकडे मी आणि साहेब चार वर्षांचं रजिस्टर घेऊन बसलो. ज्यांच्यावर साहेबांना शंका वाटली त्यांना फोन करून पुन्हा बोलावलं. कपाळावर आठ्या घालून माणसं आली, बहुतेक ठीक निघाली. तक्तेवाल्या आजीला मात्र मोतीबिंदू निघाला. एक ट्रॅक्टर चालवणारा माणूस होता. त्याचा फोन कधी लागलाच नाही. दुसऱ्या कामावर कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं. त्याचा उजवा पाय जरा ओढत होता आणि नीट टाकायला मीच शिकवलं होतं. बरा असेल. बराच असेल, असं मी रोज म्हणते.

साहेबांनी मला काढलं नाही. दारात उभं राहून प्रत्येकाला सांगायचं काम दिलं, "चुकलं तरी चालते. पाय लागला तरी चालते." तक्ता आतल्या खोलीत नेला.

रिपोर्ट घेऊन दोघी आल्या. साहेबांनी काळे फोटो दिव्यावर लावले. मेंदूत आणि कण्यात पांढरे ठिपके, काही जुने, काही ताजे. साहेबांनी नाव सांगितलं. पूर्ण बरं होत नाही, पण पुन्हापुन्हा येणारे झटके कमी करणारी औषधं आहेत, लवकर सुरू केली तर बरं, हेही सांगितलं. मला वाटलं, पोरगी आता कोसळते.

रूपालीने विचारलं, "म्हंजे साहेब, मले खरंच होतं?"

"खरंच होतं."

ती रडली, पण ते रडणं निराळं होतं. पाठीवरचं ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस श्वास सोडतो, तसं.

 गोदाबाईंनी पदराच्या टोकाने सुनेचे डोळे पुसले. मग त्यांनी एकच विचारलं, "साहेब, ब्लाउजच्या टायमाले हे हिच्या डोळ्यात होतं, असं कागदावर लिहून देता काय? मराठीत द्या."

साहेबांनी दिलं. गोदाबाई घरी गेल्याच नाहीत. जीपमधून उतरून रूपालीचा हात धरून थेट सरपंचबाईंच्या ओट्यावर गेल्या. पुढचं रूपालीने मला हसत हसत सांगितलं. कागद समोर धरून गोदाबाई म्हणाल्या, "वाचा. माह्या सुनेचा दोष नोता. म्या चारचौघात तुमाले हात जोडले होते. ते वापस द्या."

माफी वापस कशी देतात? सरपंचबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला, इकडे तिकडे बघितलं, आणि मग चारचौघांना बोलावून रूपालीसमोर हात जोडले. वर एक ब्लाउजपीस शिवायला दिला. हिरवा. उगीच जोखीम नको म्हणून.

रूपालीचं औषध सुरू आहे. कधी पाय जड होतो, कधी आठ दिवस मशीन बंद राहते. तेव्हा गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवायचं काम गोदाबाई करतात आणि कोणी तक्रार केली तर दुखणं असं समजावून सांगतात, की ऐकणाऱ्याच्याही पायाला मुंग्या येतात.

मी आता घरीच असते. वाट आता तुम्ही पाहिलीच आहे, स्टँडवरून पायी पंधरा मिनिटं, चुकलात तर कोणालाही दवाखान्यातल्या मावशीचं घर विचारा. गुडघ्याने माझं फिरणं बंद केलं, म्हणून तुम्हीच पुन्हा या. काही होत असेल तर आधी डॉक्टरकडे जा, मग या. काही होत नसेल तर उद्याच या. ज्वारीची भाकरी करून वाढते, ठेचा आहे, आणि दिवसभर बोलायला माझ्याकडे कोणी नाही.